एका आकड्यावर चालतं, कॉलमवर का अडतं?

पायथनमध्ये स्वतःचं फंक्शन लिहिलं, एक आकडा देऊन पाहिला, उत्तर बरोबर आलं. तेच फंक्शन पांडाजच्या तक्त्यातल्या कॉलमला लावलं आणि पडदाभर लाल अक्षरं उमटली. कधी तर तीही उमटत नाहीत आणि नव्या कॉलममध्ये भलतंच काही येऊन बसतं. हे जास्त वाईट. वाचकांच्या प्रश्नांत ही तक्रार वेगवेगळ्या वेषात येत राहते. कुणाकडे पतसंस्थेच्या हप्त्यांचा तक्ता असतो, कुणाकडे वर्गाच्या गुणांचा, कुणी बाजारभावांवर प्रकल्प करत असतं. बहुतेक जण मग फंक्शनच पुन्हा पुन्हा बदलत बसतात. माझा सल्ला असा, की फंक्शनला हात लावण्याआधी त्याच्या हाती नेमकं काय पडतंय ते पाहा. पाणी बहुधा तिथेच मुरत असतं.

पुढे सगळीकडे बाजार समित्यांच्या कांदाभावाचा एक नमुना तक्ता धरला आहे. कॉलम ओळखीचेच: तारीख, बाजार समिती, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. दर क्विंटलचे आहेत. आपल्याला किलोचा भाव काढायचा आहे आणि 'तेजी' की 'मंदी' असा शेरा लिहायचा आहे. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीतच लागतात. तुमच्या फंक्शनची, चलांची आणि कॉलमची नावं मात्र देवनागरीत ठेवलीत तरी पायथन 3 ची काही हरकत नसते.

आधी एवढं पाहून घ्या

1. कॉलमचा प्रकार. 'तक्ता.डीटाइप्स' चालवा. दराच्या कॉलमपुढे 'इंट64' किंवा 'फ्लोट64' दिसलं तर ते आकडे आहेत. 'ऑब्जेक्ट' दिसलं (पांडाज 3.0 मध्ये 'एसटीआर') तर तो मजकूर आहे, मग तो डोळ्यांना कितीही आकड्यांसारखा दिसो.
2. मूळ रूप. 'तक्ता['सर्वसाधारण दर'].हेड(10).टूलिस्ट()' असं पाहा. नुसता तक्ता छापला तर 1200 हा आकडा आणि '1200' हा मजकूर सारखेच दिसतात. यादीत मात्र अवतरणचिन्हं उघडी पडतात आणि मागेपुढे चिकटलेल्या मोकळ्या जागाही.
3. एकच खरी किंमत. फंक्शनला मनातला आकडा देऊ नका, तक्त्यातलाच द्या: 'किलोदर(तक्ता['सर्वसाधारण दर'].आयलोक[0])'. इथेच अडलं तर कॉलमचा काही दोष नाही.

आणि एरर आली की ती खालून वाचायला घ्या. सर्वांत शेवटच्या ओळीत काय बिनसलं ते असतं. तिथून वर जात जात तुमच्या स्वतःच्या फाइलमधली ओळ शोधा. मधली सगळी गर्दी पांडाजच्या पोटातली असते, ती वाचून डोकं शिणवू नका.

फंक्शनला मिळतं काय: किंमत, कॉलम की ओळ?

सर्वांत जास्त गोंधळ याच प्रश्नावर होतो. 'अप्लाय' ही आज्ञा एकच, पण ती कुणावर चालवली यावर फंक्शनच्या हाती काय येतं ते ठरतं.

- एका कॉलमवर (एकेरी चौकटी कंस): फंक्शनला एकेक किंमत मिळते.
- अख्ख्या तक्त्यावर, काही न सांगता: फंक्शनला एकेक संपूर्ण कॉलम मिळतो.
- अख्ख्या तक्त्यावर, 'अ‍ॅक्सिस=1' सांगून: फंक्शनला एकेक ओळ मिळते.

आता सापळा बघा. 'तक्ता['कमाल दर']' हा कॉलम झाला. 'तक्ता[['कमाल दर']]' हा एका कॉलमचा तक्ता झाला. कंसाची एक जोडी वाढली आणि फंक्शनला एका दराऐवजी सगळे दर एकदम मिळाले. आत 'इफ दर > 2000' असं असेल तर पायथनपुढे प्रश्न पडतो: हजार दरांपैकी कुणाबद्दल विचारता? मग ती प्रसिद्ध एरर येते, 'द ट्रूथ व्हॅल्यू ऑफ अ सिरीज इज अँबिग्युअस'. ही ओळ दिसली की समजा, फंक्शनला किंमत हवी होती आणि हाती अख्खा कॉलम आला. 'तक्ता['कमाल दर']' थेट फंक्शनला कंसात दिलात, म्हणजे 'अप्लाय' लावायचं विसरलात, तरीही हीच एरर येते.

दोन-तीन कॉलम मिळून निर्णय घ्यायचा असेल, उदाहरणार्थ कमाल आणि किमान दरातली तफावत पाहून शेरा द्यायचा असेल, तर 'अ‍ॅक्सिस=1' लागतं आणि फंक्शनच्या आत 'ओळ['कमाल दर']' असं लिहावं लागतं. 'अ‍ॅक्सिस' विसरलात तर 'कीएरर' येते, कारण फंक्शन कॉलमच्या आत 'कमाल दर' नावाची ओळ शोधू लागतं. ओळीच्या बाबतीत आणखी एक गंमत: तक्त्यात पूर्णांक आणि दशांश दोन्ही असतील आणि बाकी काही नसेल, तर ओळ हाती येताना सगळेच दशांश होतात. पावती क्रमांक 101 चा 101.0 होतो. त्याचा मजकूर बनवून दुसऱ्या तक्त्याशी जुळवायला गेलात की काहीच जुळत नाही.

तक्त्यातल्या प्रत्येक सेलवर फंक्शन चालवायचं असेल तर जुन्या पुस्तकांत 'अप्लायमॅप' सांगितलेलं सापडेल. 2023 च्या 2.1 आवृत्तीपासून ते मागे पडलं आहे. त्याजागी 'मॅप' वापरा.

लिहिण्यातल्या चुका

या पटकन उरकून टाकू.

- 'अप्लाय(किलोदर())' लिहिलं. फंक्शनचं फक्त नाव द्यायचं असतं. कंस दिलात तर ते तिथेच, रिकाम्या हाताने चालतं आणि 'मिसिंग 1 रिक्वायर्ड पोझिशनल आर्ग्युमेंट' म्हणून अडतं.
- फंक्शनमध्ये 'रिटर्न' राहिलं किंवा 'रिटर्न'ऐवजी 'प्रिंट' लिहिलं. एरर येत नाही. सगळा नवा कॉलम 'नन' होतो. 'रिटर्न' फक्त 'इफ'च्या आत असेल तर काहीच ओळी 'नन' होतात, आणि हे शोधायला जास्त वेळ लागतो.
- उत्तर साठवलंच नाही. 'अप्लाय' मूळ कॉलम बदलत नाही, नवा देतं. डावीकडे 'तक्ता['किलोदर'] =' हवंच.
- जादा माहिती चुकीच्या रीतीने दिली. अडत किंवा हमाली यांसारखा दर फंक्शनला द्यायचा तर 'आर्ग्स=(5,)' असं, स्वल्पविरामासह. तो स्वल्पविराम गाळलात तर पायथनला तो नुसता 5 वाटतो.
- कॉलमचं नाव डोळ्यांना बरोबर, तरीही 'कीएरर'. नावाच्या शेवटी स्पेस असते. 'तक्ता.कॉलम्स.टूलिस्ट()' पाहा आणि 'तक्ता.कॉलम्स = तक्ता.कॉलम्स.स्ट्र.स्ट्रिप()' करून मोकळे व्हा.

आकड्यांचा वेष घेतलेला मजकूर

दराचा कॉलम मजकूर असेल तर फंक्शन तीन तऱ्हांनी फसतं. भागाकार करायला गेलात तर 'टाइपएरर' येते. हे त्यातल्या त्यात बरं, निदान कळतं तरी. दुप्पट करायला गेलात तर '1200' चे '12001200' होतात. आणि तुलना केलीत तर '900' हा '1200' पेक्षा मोठा ठरतो, कारण मजकुराची तुलना पहिल्या अक्षरापासून होते.

मुळात कॉलम मजकूर का झाला? कारण एखाद-दुसऱ्या सेलमध्ये आकड्याखेरीज काहीतरी आहे. आपल्याकडे नेहमीचे गुन्हेगार ठरलेले: '1,25,000' मधले स्वल्पविराम, 'रु.' किंवा '/-', लिलाव बंद म्हणून मारलेली '-' अशी रेघ, आणि फाइलच्या तळाशी 'एकूण' असं लिहिलेली ओळ.

उपाय शक्यतो फाइल वाचतानाच करा. 'रीड_सीएसव्ही'ला 'थाउजंड्स=','' सांगितलं की स्वल्पविराम जातात, 'एनए_व्हॅल्यूज=['-']' सांगितलं की रेघ म्हणजे रिकामं हे त्याला कळतं. ज्या कॉलममध्ये '007' असे संकेतांक असतील तो मात्र 'डीटाइप' देऊन मजकूरच ठेवा, नाहीतर पुढची शून्यं गळून 7 उरेल.

फाइल आधीच वाचून झाली असेल तर 'टू_न्यूमेरिक' आहे, पण ते 'एरर्स='कोअर्स'' देऊन डोळे झाकून चालवू नका. जे समजत नाही त्याची ते निमूटपणे रिकामी जागा करतं, आणि त्याला '1,25,000' सुद्धा समजत नाही. म्हणजे नेमके मोठ्या आवकेचे दिवस गायब! आधी कुणाचा बळी जाणार ते पाहा:

दर = तक्ता['सर्वसाधारण दर']
आकडे = पीडी.टू_न्यूमेरिक(दर, एरर्स='कोअर्स')
तक्ता[आकडे.इझएनए() & दर.नॉटएनए()]

तिसऱ्या ओळीने नेमक्या त्याच ओळी समोर येतात ज्यांत काहीतरी लिहिलेलं आहे पण त्याचा आकडा होत नाही. त्या वाचा, स्वल्पविराम वगैरे 'स्ट्र.रिप्लेस'ने काढा, आणि मगच रूपांतर करा. देवनागरी अंकांचं म्हणाल तर पायथनचं 'इंट' हे '१२००' ला सरळ 1200 मानतं.

तारखांनाही हेच लागू आहे. '05/06/2024' हे आपल्याला पाच जून. पांडाजला काही न सांगता ते सहा मे वाटतं. 'टू_डेटटाइम'ला 'डेफर्स्ट=ट्रू' किंवा नेमका साचा द्या.

रिकामे सेल: न ओरडणारी चूक

आता ज्या चुकीसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येऊ. तुमचं फंक्शन असं आहे: दर 2000 पेक्षा जास्त असेल तर 'तेजी', नाहीतर 'मंदी'. रविवारी लिलाव झाला नाही, दर रिकामा आहे. पांडाज ती रिकामी जागा 'नॅन' म्हणून ठेवतं, आणि 'नॅन' कशाहीपेक्षा मोठा नसतो, कशाहीपेक्षा लहान नसतो, स्वतःइतकाही नसतो. अशा प्रत्येक तुलनेचं उत्तर 'नाही'. म्हणून फंक्शन सरळ 'नाहीतर'कडे वळतं आणि प्रत्येक सुट्टीच्या दिवशी 'मंदी' लिहून ठेवतं. एरर नाही, इशारा नाही. महिन्याअखेरीस मंदीचे दिवस मोजणाऱ्याला बाजार पडल्यासारखा वाटतो.

म्हणून फंक्शनची पहिली ओळ नेहमी रिकामेपणाची चौकशी करणारी असावी: 'इफ पीडी.इझएनए(दर): रिटर्न एनपी.नॅन'. इथे काही गोष्टी चालत नाहीत, त्या लक्षात घ्या.

- 'दर == एनपी.नॅन' कधीच खरं होत नाही, वर सांगितलेल्या कारणामुळे.
- 'इफ नॉट दर' रिकामी जागा पकडत नाही, कारण 'नॅन' पायथनच्या लेखी 'खरा' असतो. उलट ते खऱ्याखुऱ्या शून्याला रिकामं समजतं.
- 'इंट(दर)' केलंत तर 'कॅनॉट कन्व्हर्ट फ्लोट नॅन टू इंटिजर' येतं.

'मॅप' वापरत असाल तर 'एनए_अ‍ॅक्शन='इग्नोर'' एवढं म्हटलं तरी रिकाम्या जागा फंक्शनपर्यंत पोचतच नाहीत. आवकेचा कॉलम 450 ऐवजी 450.0 दिसायला लागला तर तेही याच 'नॅन'चं काम: एक सेल रिकामा असला की पूर्णांकांचा सगळा कॉलम दशांश होतो. पूर्णांकच ठेवायचा असेल तर मोठ्या 'आय'ने सुरू होणारा 'इंट64' हा प्रकार घ्या, त्यात रिकामी जागा चालते.

बरेच जण कंटाळून सगळीकडे 'फिलएनए(0)' मारतात. कृपा करून दराच्या कॉलममध्ये ते करू नका. तीन दिवसांत 1800, 2200 आणि एक सुट्टी असेल तर 'मीन' सुट्टी वगळून 2000 सांगतं. सुट्टीच्या जागी शून्य घातलंत की तेच 1333 होतं. आवकेत शून्य भरणं समजू शकतं, माल आलाच नाही. भाव शून्य कधीच नव्हता. फंक्शनच्या आत 'ट्राय' लावून 'एक्सेप्ट: रिटर्न 0' लिहिणं हाही त्याच माळेचा मणी, त्याने एरर जाते आणि चूक उरते.

मराठी मजकुराचे खास घोटाळे

तुम्ही बाजार समितीवरून जिल्हा लिहिणारा कोश बनवला, म्हणजे पायथनच्या भाषेत 'डिक्ट', आणि 'तक्ता['बाजार समिती'].मॅप(जिल्हे)' चालवलं. कऱ्हाडपुढे सातारा यायला हवं. काही ओळींत येतं, काहींत रिकामं. 'मॅप'ला कोशात नाव सापडलं नाही तर ते एरर देत नाही, 'नॅन' ठेवून पुढे जातं.

'कऱ्हाड' आणि 'कर्‍हाड' शेजारी ठेवून पाहा. छापल्यावर फरक दिसणार नाही. 'लेन' विचारा: पहिल्याची लांबी 6, दुसऱ्याची 7. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे. दुसऱ्यात साधा र, हलन्त, आणि त्यामागे एक न दिसणारा जोडक आहे. कोणत्या कीबोर्डवर टाइप केलं त्यावर यातलं एक उमटतं. 'रेप्र' लावून छापलंत तर तो जोडक 'यू200डी' असा उघडा पडतो. 'स्ट्रिप' त्याला हात लावत नाही, ते फक्त कडेच्या मोकळ्या जागा काढतं. तिसरं रूप 'कराड' तर सगळीकडे आहेच. कुऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाड, दऱ्या, सगळ्यांना हा आजार आहे.

उपाय क्रमाने करा:

1. 'युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ'ला 'एनएफसी' सांगून मजकूर एका साच्यात आणा. र आणि खाली नुक्ता असं तुटक लिहिलेलं ऱ यामुळे एकसंध होतं.
2. साधा र, हलन्त आणि जोडक या तिकडीच्या जागी ऱ आणि हलन्त घाला. हे 'नॉर्मलाइझ' आपणहून करत नाही.
3. उरलेले जोडक (यू200डी) आणि विभाजक (यू200सी) काढा, पण जुळवणीसाठी केलेल्या वेगळ्या कॉलममध्ये. छापायच्या कॉलममधून काढलेत तर काही जोडाक्षरांचा चेहरा बदलेल.
4. 'कराड'सारखी खरोखर वेगळी शुद्धलेखनं हाताने कोशात घाला. याला जवळची वाट नाही.

आद्याक्षर काढणाऱ्या फंक्शनवरही भरवसा ठेवू नका: 'क्षीरसागर'चं पहिलं अक्षर पायथनच्या हिशेबात नुसता 'क' आहे. आणि जुनी फाइल उघडल्यावर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसला तर ती युनिकोडपूर्व फॉन्टमधली असणार. ती आधी रूपांतरकातून काढा, फंक्शन नंतर. तयार तक्ता एक्सेलमध्ये पाहायचा असेल तर 'टू_सीएसव्ही'ला 'एन्कोडिंग='यूटीएफ-8-सिग'' सांगा, नाहीतर तिथे मराठीचा चुराडा होतो.

कोणती किंमत अडवते आहे?

लाखभर ओळींत एकच नाठाळ असेल तर फंक्शनभोवती तात्पुरता पहारा बसवा:

डेफ तपास(किंमत):
    ट्राय:
        रिटर्न किलोदर(किंमत)
    एक्सेप्ट एक्सेप्शन:
        प्रिंट(रेप्र(किंमत), टाइप(किंमत))
        रेझ

मग 'अप्लाय(तपास)'. शेवटची 'रेझ' गाळू नका. तीच एरर पुढे पाठवते. अडलेली किंमत आणि तिचा प्रकार दोन्ही समोर येतात, आणि बहुतेक वेळा तेवढ्याने उलगडा होतो.

'अप्लाय' खरंच हवं का?

बऱ्याचदा नको असतं. किलोदरासाठी 'तक्ता['सर्वसाधारण दर'] / 100' एवढं पुरतं. पांडाज अख्ख्या कॉलमला एकदम भागतं. ओळीओळीने चालणारं 'अ‍ॅक्सिस=1' हे सर्वांत संथ, लाखांच्या तक्त्यावर तर चहा पिऊन यावा इतकं.

- दोनच पर्याय असतील तर 'एनपी.व्हेअर'. पण ते दोन्ही बाजू आधी काढून ठेवतं आणि मग निवडतं, त्यामुळे न निवडलेल्या बाजूतली एररही तुम्हाला भोवते. रिकाम्या दराचं 'मंदी' करायची खोड याच्यातही आहे.
- अनेक पायऱ्या असतील तर 'पीडी.कट'. रिकाम्या जागा ते रिकाम्याच ठेवतं, हा मोठा गुण. पायरीचा वरचा आकडा त्याच पायरीत धरतं, खालचा नाही; अगदी तळाचा आकडा हवा असेल तर 'इन्क्लूड_लोएस्ट=ट्रू' सांगा.
- अटी जोडायच्या असतील तर कॉलमवर 'अँड' आणि 'ऑर' चालत नाहीत, '&' आणि '|' ही चिन्हं लागतात. प्रत्येक अट स्वतंत्र कंसात हवी, कारण '&' हे '>' च्या आधी हात मारतं.

नियम गुंतागुंतीचा असेल, चार पोटनियम आणि अपवाद असतील, तर बिनधास्त 'अप्लाय' वापरा. वाचता येणारं संथ फंक्शन मला तरी न कळणाऱ्या वेगवान ओळीपेक्षा बरं वाटतं.

छाटलेल्या तक्त्यावर लिहिताना

फक्त लासलगावच्या ओळी वेगळ्या काढल्या आणि त्यात नवा कॉलम घातला की जुन्या आवृत्त्यांत 'सेटिंगविथकॉपी' असा इशारा येतो. तो दाबून टाकू नका. वेगळा तक्ताच हवा असेल तर छाटतानाच शेवटी '.कॉपी()' लावा. मूळ तक्ता बदलायचा असेल तर 'तक्ता.लोक[अट, 'शेरा'] =' असं एकाच दमात लिहा. 'तक्ता[अट]['शेरा'] =' अशी दोन टप्प्यांची साखळी 3.0 आवृत्तीत मूळ तक्त्यापर्यंत पोचतच नाही.

मदत मागण्याआधी

एवढं करूनही सुटलं नाही तर सहकाऱ्याला किंवा शिक्षकांना विचाराच, पण पडद्याचा फोटो पाठवून नव्हे. सोबत हे द्या: चूक पुन्हा घडवून दाखवणाऱ्या पाच-सहा ओळींचा तक्ता, पूर्ण फंक्शन, एररचा सगळा मजकूर, 'डीटाइप्स'चं उत्तर आणि 'पीडी.__व्हर्जन__'. तक्त्यात सभासदांची नावं, खाते क्रमांक किंवा मोबाइल असतील तर ते आधी बदला. बदलताना अडचणीची किंमत मात्र, तिच्या स्पेस आणि रेघेसकट, जशीच्या तशी ठेवा.